पीएसए वाढला, आता पुढे काय? प्रोस्टेट कॅन्सरची तपासणी आणि उपचार समजून घेताना

प्रोस्टेटच्या कॅन्सरच्या बाबतीत सगळ्यात जास्त घबराट पसरवतो तो रक्ततपासणीतला एक आकडा: पीएसए. तो वाढलेला दिसला की घरात कॅन्सर आल्यासारखं वातावरण होतं, आणि तो 'नॉर्मल' आला की पुढची दहा वर्षं कुणी विषय काढत नाही. दोन्ही चूक. या आजाराच्या वाटेवरची प्रत्येक तपासणी एकेका प्रश्नाचं उत्तर देते. तपासणीला जाण्याआधी तो प्रश्न कोणता आणि उत्तर आल्यावर आपण काय करणार, एवढं ठरलेलं असलं की निम्मा गोंधळ मिटतो. बहुतेक वेळा हाताशी वेळ असतो, आणि तो आठवड्यांत मोजायचा असतो, तासांत नव्हे. ज्या थोड्या प्रसंगी खरंच धावपळ करावी लागते, ते पुढे ओघात येतीलच.

ग्रंथी कुठे असते आणि त्रास का देते

प्रोस्टेट मूत्राशयाच्या खाली आणि गुदाशयाच्या पुढे असते. लघवीची नळी तिच्या मधून जाते. तरुणपणी ती अक्रोडाएवढी, साधारण २० मिलिलीटर आकारमानाची असते. वय वाढतं तशी ती फुगते. साठी-सत्तरीत ६० किंवा ८० मिलिलीटरची प्रोस्टेट दिसणं काही विशेष नाही.

ही वयानुसार होणारी वाढ आतल्या भागात, नळीच्या भोवती होते. म्हणून धार बारीक होते, रात्री तीन-चारदा उठावं लागतं, लघवी झाल्यावरही थोडी राहिल्यासारखी वाटते. कॅन्सर मात्र सुमारे ७० टक्के वेळा मागच्या, बाहेरच्या भागात सुरू होतो. तिथे तो नळीला धक्काही लावत नाही, त्यामुळे सुरुवातीला काहीच जाणवत नाही. थोडक्यात, लघवीचा त्रास आहे म्हणजे कॅन्सर आहे असं नाही, आणि त्रास नाही म्हणून कॅन्सर नाही असंही नाही. लघवीतून रक्त जाणं किंवा कंबर-पाठ-मांडीच्या हाडात न थांबणारं, रात्री वाढणारं दुखणं ही मात्र वयाच्या खात्यावर टाकायची लक्षणं नव्हेत. ती दाखवावीत.

काही त्रास नसताना तपासणी करावी का

या प्रश्नाला सगळ्यांना लागू पडेल असं एक उत्तर नाही, आणि 'दरवर्षी करून टाका, काय बिघडतं?' हे उत्तर तर नक्कीच नाही. बिघडतं ते असं: प्रोस्टेटचे अनेक कॅन्सर इतके सावकाश वाढतात की माणूस दुसऱ्याच कारणाने जातो आणि कॅन्सर कधी कळतही नाही. तपासणी अशांनाही शोधून काढते. मग ज्या आजाराने आयुष्यात काहीच केलं नसतं, त्याचे उपचार आणि त्या उपचारांचे परिणाम माणूस भोगत बसतो.

दुसऱ्या पारड्यातही वजन आहे. १९९०च्या दशकात सुरू झालेल्या युरोपातल्या मोठ्या चाचणीत ५५ ते ६९ वयाच्या १,६२,००० हून अधिक पुरुषांचा मागोवा घेतला गेला. २०२५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या २३ वर्षांच्या निष्कर्षानुसार, पीएसए तपासणीसाठी बोलावलेल्या गटात प्रोस्टेटच्या कॅन्सरने होणारे मृत्यू १३ टक्के कमी झाले. वेगळ्या भाषेत सांगायचं तर, एक मृत्यू टाळण्यासाठी ४५६ जणांना तपासणीला बोलावावं लागलं आणि १२ जास्तीच्या पुरुषांना कॅन्सरचं निदान मिळालं. ४५६ आणि १२ हे दोन्ही आकडे एकत्र डोक्यात ठेवूनच निर्णय घ्यायला हवा.

अमेरिकेतल्या प्रतिबंधक आरोग्यसेवा कृती गटाने २०१२ मध्ये सरसकट पीएसए तपासणी नको असं म्हटलं होतं. २०१८ मध्ये भूमिका बदलून ५५ ते ६९ या वयात डॉक्टरशी बोलून स्वतः ठरवावं आणि ७०च्या पुढे नेहमीची तपासणी म्हणून करू नये, असं सांगितलं. मधल्या काळात निदान झालेल्या सौम्य रुग्णांना लगेच उपचार न करता देखरेखीखाली ठेवण्याची पद्धत रुजली होती, आणि त्यामुळे तपासणीचं नुकसान कमी झालं. आमच्या मते हाच कळीचा मुद्दा आहे. 'सौम्य निघाला तर मी थांबायला तयार आहे' असं ज्याला मनापासून म्हणता येतं, त्याला तपासणीचा फायदा जास्त. कॅन्सर हा शब्द ऐकताच दुसऱ्या दिवशी ऑपरेशन करून घेणार असाल, तर तपासणीआधी दोनदा विचार करा.

काहींनी ही चर्चा ४० ते ४५ व्या वर्षीच सुरू करावी: ज्यांच्या वडिलांना किंवा भावाला हा कॅन्सर झाला आहे (धोका साधारण दुप्पट होतो, आणि नात्यातले रुग्ण जितके जास्त व जितक्या कमी वयाचे, तितका तो आणखी वाढतो), ज्यांच्यात बीआरसीए-२ जनुकातला दोष आढळला आहे, आणि आफ्रिकी वंशाचे पुरुष. उलट, साठाव्या वर्षी पीएसए १ च्या आत असेल तर पुढे या कॅन्सरने मृत्यू येण्याची शक्यता फारच कमी उरते. त्याने दरवर्षी रक्त देत बसण्याची गरज नाही. आणि ज्याला इतर गंभीर आजारांमुळे पुढची दहा वर्षंही मिळण्याची शक्यता कमी आहे, त्याला या तपासणीतून हाती काही लागत नाही.

रक्त द्यायला जाण्याआधी

पीएसए हे प्रोस्टेटच्या पेशी बनवतात ते प्रथिन. निरोगी पेशीही बनवतात, कॅन्सरच्याही. ग्रंथीला काहीही झालं की ते रक्तात जास्त उतरतं, म्हणून चुकीच्या दिवशी दिलेलं रक्त चुकीचा आकडा देतं. उपाशीपोटी जाण्याची गरज नसते, पण एवढं पाळा:

- आधीचे ४८ तास वीर्यस्खलन नको, आणि सायकल चालवणं किंवा तसा जोराचा व्यायामही नको.
- लघवीचा जंतुसंसर्ग झाला असेल तर तो बरा झाल्यावर किमान सहा आठवडे थांबा. बायोप्सी (ग्रंथीचे बारीक तुकडे सुईने काढून तपासणं) झाली असेल तरीही तेवढंच. लघवी अडून नळी घालावी लागली असेल, तर किती थांबायचं ते डॉक्टरांना विचारा.
- गुद्द्वारातून बोटाने होणारी प्रोस्टेटची तपासणी त्याच दिवशी व्हायची असेल तर रक्त आधी द्या.
- केस-नखांसाठीच्या गोळ्यांमध्ये बायोटिनचा मोठा डोस असतो. काही यंत्रांवर त्यामुळे आकडा खोटा कमी येतो. घेत असाल तर लॅबला सांगा.

सगळ्यात जास्त फसगत होते ती फिनास्टेराइड आणि ड्युटास्टेराइड या औषधांमुळे. प्रोस्टेट लहान करण्यासाठी दिलेली ही औषधं सहा महिने ते वर्षभरात पीएसए निम्म्यावर आणतात. म्हणजे कागदावर ३ असेल तर तो ६ समजायचा. टक्कल थांबवण्यासाठी घेतलेली फिनास्टेराइडची छोटी गोळीही हेच करते, आणि ती गोळी 'औषध' म्हणून डॉक्टरांना सांगायची कुणाला सुचत नाही. या औषधांवर असताना पीएसए आपल्या तळापासून पुन्हा चढू लागला, तर 'नॉर्मल'च्या आत असला तरी तो तपासून घ्यावा.

आकडा कसा वाचायचा

४ नॅनोग्रॅम प्रति मिलिलीटर ही जुनी सीमारेषा आहे. ती सोयीची आहे, पण नेमकी मुळीच नाही. ४ ते १० मध्ये असणाऱ्यांची बायोप्सी केली तर साधारण चारातल्या एकात कॅन्सर सापडतो, म्हणजे तिघांत सापडत नाही. १० च्या वर शक्यता निम्म्याहून जास्त होते. आणि ४ च्या आत असलेल्यांची बायोप्सी केल्यावर जवळपास १५ टक्के पुरुषांत कॅन्सर आढळला होता. त्यातला बराचसा सौम्य होता.

पहिल्यांदा वाढलेला आकडा आला तर त्यावर कुठलाही निर्णय घेऊ नका. सहा-आठ आठवड्यांनी, त्याच लॅबमध्ये, वरची पथ्यं पाळून पुन्हा करा. पुष्कळदा तो खाली येतो. संसर्गाचं लक्षण नसताना नुसता आकडा उतरवायला म्हणून अँटिबायोटिकचा कोर्स देण्याची सवय काही ठिकाणी आहे. त्यातून निदानाला मदत होत नाही, आणि जंतू औषधाला निर्ढावले की पुढे बायोप्सीच्या वेळी त्याची किंमत मोजावी लागते.

आकडा वाढलेलाच राहिला तर ग्रंथीच्या आकाराशी त्याचा भागाकार करा. याला पीएसए घनता म्हणतात आणि हा हिशेब कुणालाही करता येतो. समजा पीएसए ६.२ आहे. सोनोग्राफीत प्रोस्टेट ७० मिलिलीटरची निघाली, तर ६.२ भागिले ७० म्हणजे ०.०९. मोठी ग्रंथी तेवढं प्रथिन बनवणारच. पण ग्रंथी २५ मिलिलीटरचीच असेल तर घनता ०.२५ होते. एवढ्याशा ग्रंथीतून एवढा पीएसए येतोय कुठून, हा प्रश्न मग टाळता येत नाही. ०.१५ च्या पुढे संशय वाढतो. रिपोर्टवर सोनोग्राफीतलं वजन ग्रॅममध्ये दिलं असेल तर तोच आकडा मिलिलीटर धरून चालतं.

४ ते १० च्या पट्ट्यात 'फ्री पीएसए'चं, म्हणजे रक्तातल्या इतर प्रथिनांना न चिकटलेल्या पीएसएचं, एकूण पीएसएतलं प्रमाणही उपयोगी पडतं. ते २५ टक्क्यांच्या वर असेल तर कॅन्सरची शक्यता कमी, १० टक्क्यांच्या खाली असेल तर जास्त.

बोटाने होणारी तपासणी अर्ध्या मिनिटाची असते. हातमोजा घालून, जेल लावून डॉक्टर गुद्द्वारातून ग्रंथीचा मागचा भाग चाचपतात. संकोच समजण्यासारखा आहे. पण कडक गाठ लागली, तर पीएसए नॉर्मल असला तरी पुढे जावं लागतं. गाठ लागली नाही म्हणजे सुटलो, असं मात्र नाही. आत किंवा पुढच्या बाजूला असलेलं बोटाला लागत नाही.

आधी एमआरआय, मग बायोप्सी

हा क्रम महत्त्वाचा आहे. पूर्वी पीएसए वाढला की थेट बायोप्सी व्हायची आणि ग्रंथीत ठरावीक जागी अंदाजाने सुया जायच्या. २०१७ आणि २०१८ मध्ये आलेल्या प्रॉमिस आणि प्रिसिजन या दोन अभ्यासांनी चित्र बदललं: आधी एमआरआय केला तर बऱ्याच जणांची बायोप्सी टळते, आणि ज्यांची होते त्यांच्यात घातक कॅन्सर सापडण्याचं प्रमाण वाढतं. शिवाय बायोप्सीनंतर ग्रंथीत रक्त साचतं आणि एमआरआय धूसर येतो, मग काही आठवडे थांबावं लागतं. पेसमेकर असेल किंवा मूत्रपिंडं अशक्त असतील तर एमआरआयची वेळ घेतानाच सांगा.

रिपोर्टमध्ये पाय-रॅड्स नावाचा १ ते ५ गुणांक असतो; आकडा जितका मोठा, तितका घातक कॅन्सरचा संशय जास्त. १ किंवा २ आला आणि पीएसए घनताही कमी असली, तर बायोप्सी न करता लक्ष ठेवणं रास्त. ३ ला धड इकडे ना तिकडे. तिथे घनता, घरातला इतिहास आणि वय बघून ठरवतात. ४ आणि ५ ला बायोप्सी करावी. स्वच्छ एमआरआयमध्येही थोडे महत्त्वाचे कॅन्सर निसटतात, म्हणून पीएसए पुढे चढतच राहिला तर विषय पुन्हा उघडावा.

बायोप्सीत ग्रंथीच्या सर्व भागांतून मिळून साधारण १० ते १२ बारीक तुकडे आणि एमआरआयमध्ये दिसलेल्या डागातून आणखी काही तुकडे घेतात. सुई दोन वाटांनी जाऊ शकते: गुदाशयातून, किंवा वृषण आणि गुद्द्वार यांच्या मधल्या त्वचेतून. दुसऱ्या वाटेत सुई विष्ठेच्या जागेतून जात नाही, म्हणून जंतुसंसर्गाचा धोका कमी राहतो. पर्याय असेल तर ती निवडावी. रक्त पातळ ठेवणाऱ्या गोळ्या चालू असतील तर त्या कधी थांबवायच्या हे हृदयाच्या डॉक्टरांना विचारून ठरवा. स्वतःहून बंद करू नका.

नंतर काही दिवस लघवीत किंवा शौचात थोडं रक्त दिसतं, वीर्याचा रंग काही आठवडे तांबूस-तपकिरी राहतो. याने घाबरायचं कारण नाही. ताप आणि थंडी वाजणं ही मात्र वेगळी गोष्ट. बायोप्सीनंतरच्या दिवसांत ३८ अंश सेल्सिअसच्या वर ताप गेला, तर तापाची गोळी घेऊन सकाळची वाट पाहू नका. त्याच रात्री रुग्णालय गाठा. रक्तात जंतू पसरण्याची ती सुरुवात असू शकते. लघवी पूर्ण अडली तरीही तसंच. 'सुई लागली की कॅन्सर पसरतो' या समजुतीपायी बायोप्सी टाळणारे आजही भेटतात. तसा धोका नगण्य आहे, आणि निदानाशिवाय उपचार कुणी करू शकत नाही.

बायोप्सीचा कागद

रिपोर्टवर 'ग्लीसन ३+३=६' दिसतं आणि घरचे म्हणतात, दहापैकी सहा म्हणजे निम्म्याच्या पुढे गेला. खरं तर बायोप्सीत आज दिला जाणारा हा सगळ्यात खालचा गुण आहे. पेशींची रचना किती बिघडली याला पॅथॉलॉजिस्ट ३ ते ५ गुण देतात. जी रचना सर्वाधिक दिसते तिचा गुण आधी, दुसरीचा नंतर, आणि मग बेरीज. म्हणून ३+४ आणि ४+३ या दोन्हींची बेरीज ७ असली तरी आजार सारखा नाही. दुसऱ्यात जास्त बिघडलेल्या पेशींचं राज्य आहे.

हा घोळ मिटवायला ग्रेड ग्रुप आले, आणि वाचताना तेच बघा: ३+३ म्हणजे ग्रुप १, ३+४ म्हणजे २, ४+३ म्हणजे ३, बेरीज ८ म्हणजे ४, आणि ९ किंवा १० म्हणजे ५. त्याशिवाय तीन गोष्टी शोधा. किती तुकड्यांपैकी किती बाधित आहेत, एकेका तुकड्याचा किती टक्के भाग बाधित आहे, आणि 'क्रिब्रिफॉर्म' किंवा 'इंट्राडक्टल' हे शब्द कुठे आहेत का. हे शब्द असतील तर आजार गुणांवरून वाटतो त्यापेक्षा हट्टी असतो आणि नुसती देखरेख शक्यतो नको. काचपट्ट्या दुसऱ्या, प्रोस्टेटचं काम सतत पाहणाऱ्या पॅथॉलॉजिस्टकडून तपासून घेणं हे अविश्वासाचं लक्षण नाही. उपचाराची सगळी दिशा या एका गुणावर ठरते.

ग्रेड, पीएसए आणि गाठीची व्याप्ती एकत्र करून धोक्याचा गट ठरतो. ग्रुप १, पीएसए १० च्या आत आणि गाठ हाताला न लागणारी किंवा अगदी छोटी असेल तर कमी धोका. ग्रुप ४-५, किंवा पीएसए २० च्या वर, किंवा आजार ग्रंथीच्या आवरणाबाहेर गेला असेल तर जास्त धोका. मधले सगळे मध्यम. कमी धोक्यात हाडांचा स्कॅन किंवा पेट स्कॅन करायचं कारण नाही. जास्त धोक्यात पीएसएमए पेट स्कॅन (प्रोस्टेटच्या कॅन्सरच्या पेशींना चिकटणारं द्रव्य टोचून केलेला स्कॅन) उपलब्ध असेल तर तो जुन्या सीटी व हाडांच्या स्कॅनपेक्षा अचूक ठरतो.

लगेच उपचार न करण्याचा उपचार

ब्रिटनमधल्या प्रोटेक्ट चाचणीत, आजार ग्रंथीपुरता असलेल्या १,६४३ पुरुषांची चिठ्ठ्या टाकाव्यात तशी तीन गटांत वाटणी केली: देखरेख, शस्त्रक्रिया आणि रेडिएशन. पंधरा वर्षांनी, २०२३ मध्ये आलेला निष्कर्ष असा की तिन्ही गटांत प्रोस्टेटच्या कॅन्सरने सुमारे ३ टक्केच पुरुष गेले. फरक एवढाच की देखरेखीच्या गटात आजार दूर पसरण्याचं प्रमाण ९.४ टक्के होतं, उपचार घेतलेल्यांत ५ टक्क्यांच्या आसपास. त्या काळची देखरेख मुख्यतः पीएसएवर होती. आजची त्याहून कडक आहे.

कमी धोक्याच्या आजाराला म्हणून आज पहिली पसंती देखरेखीला दिली जाते, आणि मध्यम गटातल्या काही निवडक ३+४ वाल्यांनाही ती चालते. देखरेख म्हणजे दुर्लक्ष नव्हे. साधारण दर सहा महिन्यांनी पीएसए, वर्षातून एकदा बोटाने तपासणी, अधूनमधून एमआरआय, आणि साधारण वर्षभराने पुन्हा बायोप्सी, पुढे दोन ते पाच वर्षांच्या अंतराने. ग्रेड वाढला तर उपचार सुरू. ही पद्धत फसते ती एकाच कारणाने: दोन-तीन रिपोर्ट चांगले आले की माणूस यायचा बंद होतो. तारखा लिहून भिंतीवर लावा.

शस्त्रक्रिया की रेडिएशन

उपचार करायचाच असेल तर बरं होण्याच्या दृष्टीने दोन्ही तुल्यबळ आहेत. निवड होते ती दुष्परिणामांवरून. सर्जन शस्त्रक्रिया सुचवतो आणि रेडिएशनवाले रेडिएशन, यात वाईट हेतू नसतो, पण निर्णयाआधी दोघांनाही भेटा.

शस्त्रक्रियेत प्रोस्टेट आणि वीर्यकोश काढून मूत्राशय लघवीच्या नळीला पुन्हा जोडतात. रोबोटच्या मदतीने केली तर रक्तस्राव कमी आणि घरी लवकर जाता येतं. लघवीवरचा ताबा आणि लैंगिक क्षमता मात्र यंत्रापेक्षा सर्जनच्या हातावर जास्त अवलंबून. वर्षाला अशा किती शस्त्रक्रिया करता, हे सरळ विचारावं. कॅथेटर, म्हणजे लघवी बाहेरच्या पिशवीत आणणारी मूत्राशयातली नळी, एक ते दोन आठवडे राहतो. पिशवी नेहमी मूत्राशयाच्या पातळीखाली ठेवा, नळी मांडीला चिकटवून ठेवा म्हणजे ओढ बसत नाही, आणि ती पिळवटली आहे का हे आधी बघा. 'लघवी येत नाही' अशा तक्रारींचं कारण पुष्कळदा तेच असतं. शौचाला जोर करू नका.

नळी निघाल्यावर सुरुवातीला लघवी गळणारच. ओटीपोटाच्या तळाचे स्नायू घट्ट करण्याचा व्यायाम शस्त्रक्रियेच्या काही आठवडे आधीच शिकून घ्यावा. धार मध्येच थांबवताना किंवा वायू रोखताना जे स्नायू आवळतात तेच हे. पाच ते दहा सेकंद आवळा, तेवढाच वेळ सैल सोडा, असं दहा वेळा, दिवसातून तीनदा. पोट, मांड्या, नितंब आवळले जात असतील किंवा श्वास रोखला जात असेल तर चुकतंय. बहुतेकांचा ताबा तीन ते बारा महिन्यांत सुधारतो. वर्षानंतरही पॅड भिजत असतील तर त्यावर शस्त्रक्रियेचे उपाय आहेत. निमूट सोसत बसू नका.

ताठरतेच्या नसा ग्रंथीला चिकटून जातात. आजार परवानगी देत असेल तर त्या वाचवतात, तरी परत यायला दोन वर्षंही लागू शकतात. गोळ्या, इंजेक्शन, व्हॅक्यूम पंप असे उपाय आहेत. पण छातीदुखीसाठी नायट्रेट घेणाऱ्यांनी त्या गोळ्या अजिबात घेऊ नयेत, रक्तदाब धोकादायक पातळीवर उतरतो. यापुढे वीर्य बाहेर येणार नाही, सुखाची जाणीव मात्र राहते. मूल हवं असेल तर शुक्राणू आधीच साठवून ठेवा.

बाहेरून दिलं जाणारं रेडिएशन पूर्वी सात-आठ आठवडे चालायचं. आता चार आठवड्यांत २० सत्रं ही रूढ पद्धत आहे, आणि निवडक रुग्णांना पाच सत्रांतही देतात. दर वेळी मूत्राशय ठरल्याइतकं भरलेलं आणि गुदाशय रिकामं असावं लागतं. हा नेम त्रासदायक वाटतो, पण त्यामागे भूमिती आहे: भरलेलं मूत्राशय आतड्यांना किरणांच्या वाटेतून वर ढकलतं, आणि गुदाशयात वायू-विष्ठा असेल तर प्रोस्टेट जागची पुढे सरकते. नियोजनाच्या स्कॅनला लघवी करून जितकं पाणी पिऊन जितका वेळ थांबला होतात, तितकंच रोज करा. त्या काळात वायू धरणारे पदार्थ कमी करा, बद्धकोष्ठता होऊ देऊ नका.

रेडिएशनच्या काळात लघवीची जळजळ, वारंवार जावं लागणं, शौचाला पातळ होणं हे होतं आणि काही आठवड्यांत ओसरतं. काहींना वर्ष-दोन वर्षांनी शौचातून रक्त जातं. ताठरता शस्त्रक्रियेत एकदम कमी होते, इथे काही वर्षांत हळूहळू. आधीपासूनच धार अडत असेल तर रेडिएशनने ती आणखी अडू शकते, अशांना शस्त्रक्रिया बरी पडते; हृदय-फुप्फुसं अशक्त असतील तर रेडिएशन. आणखी एक हिशेब: शस्त्रक्रियेनंतर गरज पडली तर रेडिएशन देता येतं, पण रेडिएशननंतरची शस्त्रक्रिया अवघड आणि जास्त गुंतागुंतीची असते.

दोन्हींनंतर पीएसए वेगळ्या नियमाने वाचायचा. शस्त्रक्रियेनंतर सहा-आठ आठवड्यांत तो जवळपास शून्य व्हायला हवा, आणि लागोपाठ दोनदा ०.२ च्या वर गेला तर आजार परतला असं धरतात. अशा वेळी रेडिएशन पीएसए कमी असतानाच, ०.५ व्हायच्या आत दिलेलं जास्त लागू पडतं. रेडिएशननंतर ग्रंथी जागेवरच असते, त्यामुळे आकडा महिनोन् महिने हळूहळू उतरतो, मध्येच थोडी उसळी मारून परत बसतोही. गाठलेल्या तळापेक्षा २ ने वर गेला तरच परतलेला समजतात.

हॉर्मोन उपचार आणि पसरलेला आजार

प्रोस्टेटचा कॅन्सर टेस्टोस्टेरॉनवर पोसतो, हे चार्ल्स हगिन्स यांनी १९४१ मध्ये दाखवलं आणि १९६६ मध्ये त्यांना नोबेल मिळालं. आजही उपचाराचा पाया तोच आहे. टेस्टोस्टेरॉन दर महिन्याच्या, तीन किंवा सहा महिन्यांच्या इंजेक्शनने, गोळ्यांनी, किंवा अंडग्रंथी काढून बंद करतात. रेडिएशनसोबत मध्यम धोक्यात चार-सहा महिने, जास्त धोक्यात दीड ते तीन वर्षं.

ल्यूप्रोलाइड, गोसेरेलिनसारखी इंजेक्शनं सुरुवातीला एक-दोन आठवडे टेस्टोस्टेरॉन उलट वाढवतात. मणक्यात आजार असेल तर ही उसळी घातक ठरू शकते, म्हणून सोबत बायकॅल्युटामाइडची गोळी देतात. डेगारेलिक्स किंवा रेलुगोलिक्समध्ये ही उसळी नसते. पुढच्या महिन्यांत अंगातून गरम वाफा येतात, स्नायू झिजतात, पोट सुटतं, साखर वाढते, हाडं ठिसूळ होतात, मन खट्टू राहतं. आठवड्यातून दोन-तीनदा वजन उचलण्याचा व्यायाम हा इथे ऐच्छिक नाही, तो उपचाराचाच भाग धरा. सुरू करतानाच हाडांच्या घनतेची तपासणी करून घ्या.

आजार हाडांत पसरलेला सापडला तर आता नुसतं हॉर्मोन बंद करून थांबत नाहीत. ॲबिराटेरॉन, एन्झाल्युटामाइड, ॲपाल्युटामाइड, डॅरोल्युटामाइड यांपैकी एक औषध, काहींना डोसिटॅक्सेल ही केमोथेरपी, सुरुवातीपासूनच जोडतात. ॲबिराटेरॉन उपाशीपोटी घ्यायचं असतं: आधी दोन तास आणि नंतर एक तास काही खायचं नाही. जेवणासोबत घेतलं तर रक्तातलं प्रमाण अनेक पटींनी वाढतं. त्यासोबतची प्रेडनिसोलोनची गोळी मनाने बंद करू नका, आणि रक्तदाब, पोटॅशियम, यकृत यांच्या तपासण्या चुकवू नका. हाडांसाठी झोलेड्रॉनिक ॲसिड किंवा डेनोसुमॅब सुरू करण्याआधी दात दाखवून घ्या; ही औषधं चालू असताना दात काढला तर जबड्याचं हाड भरून येत नाही, असं काहींच्या बाबतीत होतं. केमोथेरपी चालू असताना ३८ च्या वर ताप म्हणजे थेट रुग्णालय.

हाडांत आजार असलेल्या माणसाला पाठीत नवं, तीव्र दुखणं सुरू झालं, पाय जड पडले, चालताना लटपटू लागले, बैठकीच्या जागी बधिरता आली किंवा लघवी-शौचावरचा ताबा सुटला, तर मज्जारज्जूवर दाब येतोय असं धरून त्याच दिवशी आपत्कालीन विभागात जा. पाय लुळे पडण्याआधी उपचार झाले तर माणूस चालता राहतो. पडल्यानंतर ती ताकद बऱ्याचदा परत येत नाही.

पूरक गोळ्यांबद्दल एवढंच: ई जीवनसत्त्वाने प्रोस्टेट सुरक्षित राहतं का हे पाहायला ३५ हजारांवर पुरुषांवर चाचणी झाली, आणि २०११ मध्ये कळलं की ते घेणाऱ्यांत कॅन्सर १७ टक्के जास्त झाला.

आजार जास्त धोक्याचा किंवा पसरलेला असेल तर जनुकीय तपासणी मागून घ्या. बीआरसीए दोष सापडला तर ओलापॅरिबसारखं औषध पुढे कामी येऊ शकतं. तो दोष मुलांकडे जाण्याची शक्यता निम्मी असते, आणि मुलीत गेला तर स्तन आणि बीजांडकोशाच्या कॅन्सरचा धोका वाढतो. रिपोर्टची एक प्रत मुलांना, मुलींना आणि भावंडांनाही द्या.